पुढच्या खोलीतले बाक आणि जुन्या ट्यूबा

मी, शिवमूर्ती बसलिंग हुक्केरी, वय एकाहत्तर, राहणार कळंबा, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. पत्नी गौराबाई गेल्या श्रावणात लिंगैक्य झाली.

१. शाहूपुरीतील सायकलचे दुकान, बँकेतील ठेवी व राहते घर मुलगा अमरेश याला मिळावे.

२. घराची पुढची खोली मात्र सध्या वेगळी ठेवावी. शाळेतून निवृत्त झाल्यावर गौराबाई तिथे एडीएचडी असलेल्या लहान मुलांचा वर्ग घेई. आता वर्षाराणी घोरपडे घेतात. त्या वर्ग चालवतील तोवर खोली विनाभाडे त्यांच्या वापरात राहील. नंतर ती अमरेशची. तिथे गाळा काढावा असे त्याच्या मनात आहे. तो म्हणतो, "अप्पा, पोरं उभी राहून लिवत्यात. ही शाळा हाय का तालीम?" त्याने आठवडाभर दारात बसून पाहावे. मी रोज पाहतो.

३. उभ्याने लिहायचे उंच बाक मागेच असावेत, म्हणजे कोणाचा फळा झाकत नाही. भिंतीवर एका वेळी एकच तक्ता लावावा. बसायच्या बाकांच्या पुढच्या पायांना सायकलची ट्यूब बांधलेली असते. मुले तिच्यावर पाय दाबत बसतात. गौराबाई दुकानातून नेहमी जुन्याच ट्यूबा नेई. ती गेल्यावर मी तिच्या आठवणीसाठी सगळ्या नव्या, चांगल्या ताणून बांधल्या. मुलांनी त्या वाजवायलाच घेतल्या. वर्षाराणी म्हणाल्या, "काका, बँडपार्टीच बसवलीसा की!" जुनी सैल ट्यूब वाजत नाही, हे जन्मभर ट्यूबा विकूनही मला माहीत नव्हते. सबब, अमरेशने जुन्या ट्यूबा भंगारात न देता वर्गाला द्याव्यात.

४. मेहुणे शिवशरण या मुलांना नेहमी म्हणत, "एका जागी गप बसा." आमची सागवानी ताठ खुर्ची त्यांना द्यावी. तीत त्यांनी तासभर न हलता बसून दाखवावे.

५. एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. लक्ष उडते म्हणून गौराबाई अशा मुलांना खिडकीपासून लांब बसवी. पण निशिगंधा नावाची मुलगी हट्टाने खिडकीशी बसते आणि सगळी गणिते सोडवते. मी कारण विचारले. ती म्हणाली, "आजोबा, भायेर झाड हालतंय न्हवं, मग मला हालाय लागत न्हाय."

हे सगळ्याच मुलांना लागू पडेल का, गौराला विचारायचे होते. तेव्हा त्या खोलीतला कोणताही बाक जमिनीला पक्का ठोकू नये.

हे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले व दोघांसमक्ष सही केली.

शिवमूर्ती बसलिंग हुक्केरी (सही)

साक्षीदार, दोघेही शेजारी:
जोतीराम सासने (सही)
बनाबाई कोगे (सही)

कळंबा, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२५