तलासचा मांडलिक

नारीन, ४ ऑक्टोबर

चि. मुकाश यास, सादिरचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे जाग आली ती आईच्या घुसळणीनं. चामड्याच्या बुधल्यात घोडीचं दूध, ढप्, ढप्... उठून पाहिलं तर खिडकीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. आयुष्यभर शाळेत कविता शिकवल्याचं हे फळ, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. दर शुक्रवारी आपण दोघे आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून एकच राज्य खेळतो. मी खान, तू तलासचा मांडलिक. हल्ली तुझा सरदार फौजा हलवतो, पण तू मात्र एक अक्षर लिहीत नाहीस. आणि काल पाहतो तर माझ्याविरुद्ध कट करणाऱ्यांत सगळ्यात वर तुझं नाव! लबाडा, लहानपणी खेळातली मेंढीची हाडं सदऱ्यात लपवायचास, आता फौज लपवतोस? वजीर म्हणतो, पकडा आणि कैदेत टाका. फोन केला तर तुझी सून बुरुल म्हणते, झोपलेत. रागावलायस का माझ्यावर? स्पष्ट लिही. तोवर मी हात आवरून बसतो.

माझा लोभ आहेच, तुझाही कळू दे.

तुझा सादिर


तलास, १३ ऑक्टोबर

ती. सादिर बाइके यांस, धाकट्या भावाचा, मुकाशचा, सलाम वि. वि.

अक्षर बुरुलचं आहे, शिव्या माझ्या. अहो, महिना झाला मी खुर्चीत बसलेलो नाही. छातीत पाणी झालंय, डॉक्टर उठू देत नाहीत. मी नसलो की माझा सरदार कॉम्प्युटरच चालवतो, हे विसरलात? खान म्हातारा, वारस पाळण्यात. मेल्याला हाव सुटली! तुम्ही दरबारात कविता म्हणत बसणार, मग मांडलिकांकडे बघणार कोण?

त्याला भेटी पाठवा, मानाचं पद द्या. पण कैदेत टाकू नका, किल्ला काढून घेऊ नका. बरा झाल्यावर परतायला मला ती एक जागा हवी.

घाटात बर्फ आहे, तुम्ही यायचं नाही. काळजीचं काही नाही. (हे वाक्य बुरुलच्या पदरचं.)

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा मुकाश


नारीन, १ नोव्हेंबर

चि. मुकाश यास, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळताच मी लिहिलं होतं, त्याला तुझं उत्तर नाही. भेटी पाठवल्या, प्रधानकी दिली. तुझ्या त्या यंत्रानं सगळं गपकन घेतलं आणि वर निरोप धाडला, गादी सोडा! काल लढाईत तो माझ्या हाती सापडला. मान उडवायची, डांबायचं की सोडायचं, असं पडद्यावर विचारलं. मी सोडला. आज पुन्हा माझ्या वेशीशी फौज घेऊन उभा आहे. तुझंच नाव, तुझ्यासारखीच टोपी, गाल लाल, तब्येत ठणठणीत. आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. त्या चेहऱ्याकडे बघवत नाही रे. माझी गादी गेली तर जाऊ दे, तलास मी कुणाला घेऊ दिलेलं नाही. तू फक्त ऊठ आणि

कुत्रं भुंकलं म्हणून दार उघडून आलो. बुरुल आली आहे. एवढ्या बर्फातून, घाट ओलांडून, न कळवता. तिच्यामागे आमच्या गल्लीतली पांढऱ्या दाढीची मंडळी आहेत, आणि कुणी सलामही करत नाही. अशा मंडळींत मीही किती शोकाच्या दारांशी उभा राहिलोय. आपल्यात ती बातमी कागदावर पाठवत नाहीत.

ते सगळे उंबऱ्याबाहेर थांबलेत, मुकाश. मी अजून कुणालाही आत या म्हटलेलं नाही.