दिवा कुणाच्या नावावर

वॉशिंग्टन, १४ मार्च १८५३

दोस्त एबेन यास,

स. न. वि. वि. काम फत्ते होतंय, नाचायची तयारी ठेव!

सरकार बदललं की सरकारी नोकऱ्यांवरची माणसंही बदलतात, म्हणून खासदारसाहेबांच्या दारात नोकरी मागणाऱ्यांची ही झुंबड. मी नुसतं ओरडलो, की कोपऱ्यावरच्या हॉटेलात नवं सरकार फुकट कालवं वाटतंय. रांग पळाली तिकडे, मी आत! साहेबांनी विचारलं, की हा एबेन आपल्या पक्षाचा ना? म्हटलं, झोपेतसुद्धा तुमचंच नाव घेतो. मतं किती आणेल म्हणाले. चाळीस ठोकून दिली. गावात घरं अकरा, पण बकऱ्या धरल्या तर जमेल. दीपगृहाचा रखवालदार वारलाय, जागा रिकामी आहे, हेही सांगितलं. तुझी बोट बुडाल्याचं रडगाणं आता पुरे.

लोभ आहेच, तो पगार लागल्यावर वाढव.

तुझा लेम

मेनचा किनारा, २४ मार्च

लेम, स. न. वि. वि.

जागा रिकामी नाहीये रे! नवरा गेल्यापासून टॅबिथाकाकूच दिवा लावतेय. काम शिकायला म्हणून मी रोज वर जातो, आणि तिला वाटतं, पोरगा मदतीला येतोय. वात कशी कापायची, काचा कशा पुसायच्या, सगळं दाखवते, वर सूप पाजते. माझ्या नावाचा कागद आला की तिला घर सोडावं लागणार. थांबव काहीतरी करून. आई म्हणते, येड्या, मग हिवाळ्यात खाणार काय? तेही खरंच.

उत्तर लगेच धाड.

एबेन

वॉशिंग्टन, २ एप्रिल

एबेन, स. न. वि. वि.

गेलो होतो. साहेब म्हणाले, की मिळालेली जागा परत करायला आजवर कुणी आलेलं नाही, तुला विरोधकांनी पाठवलंय का? काकूचं नाव सुचवलं, तर विचारतात, बाई मत देते का? तू नको म्हणालास तर त्यांच्या मेव्हण्याचा भाचा येणार. त्याने समुद्र फक्त चित्रात पाहिलाय. सही झाली, महिनाअखेर कागद घेऊन निघतोय. मी पोचायच्या आत काकूला तू सांग. खासदाराला थापा मारणं सोपं, हे मला नाही जमायचं.

रागावू नकोस एवढंच मागणं.

लेम

मेन, ११ एप्रिल

लेम, स. न. वि. वि.

सांगितलं. काकू काच पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, की तिच्या नवऱ्यालाही जागा अशीच मिळाली होती, एका म्हाताऱ्याला काढून. त्याला सांगायला मात्र ही नवराबायको गेली नव्हती, कागदच गेला होता. मी म्हटलं, खालची खोली तुझीच, इथेच राहा. बघते म्हणाली. मला सूप वाढलं. मान वर करायची हिंमत होईना.

निघताना तिने एकच बजावलं. अंगणात कांदा लाव, बटाटा लाव, सफरचंदाचं झाड मात्र लावू नकोस. ते फळाला येईस्तोवर पुढची निवडणूक येते.

तू ये लवकर. एकट्याला वर जाववत नाही.

एबेन