गिअरबॉक्समधलं दसऱ्याचं तेल

अहो,

पत्र लिहायची मला सवय नाही. चौथीपर्यंतचं माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. पण दोन दिवस धुमसतेय आणि भांडायला कुणी सापडत नाही. जिच्यावर अख्खा हिवाळा ओरडले ती गाडी निर्दोष निघाली. दोष तुमचा! आता काय तुमच्या फोटोशी भांडू?

तुमच्या तेराव्यालाच विलासभावजी म्हणाले होते, "वहिनी, हा जुना ट्रक भंगारात द्या. ऑटोमॅटिक आहे, इथं कोलकात्यात कोण दुरुस्त करणार?" मी नाही म्हटलं. गोदीत तुमचा डावा पाय चिरडला, क्लच दाबता येईना, म्हणून खिदिरपूरच्या लिलावात तुम्ही हा परदेशी छोटा ट्रक घेतलात. त्यावरच घर चाललं. मला मात्र कधी हात लावू दिला नाहीत. "तुझ्या हाताला लाटणं शोभतं," म्हणे! शिकले ना शेवटी चालवायला? तुमच्याशिवाय शिकले.

उन्हाळा, पावसाळा नीट गेला. थंडी पडली आणि हिनं रंग दाखवले. सकाळी इंजिन किंचाळतंय, पण बया पहिला गिअर सोडत नाही. मग एकदम असा धक्का, की मागच्या टोपल्या उडतात! सियालदहच्या भाजीबाजारात पोचेपर्यंत गरम होते, मग शहाण्यासारखी चालते. तिथून भाजी भरून साडेसातला गार्डन रीचच्या कॅन्टीनला पोचायचं. दोनदा उशीर झाला. मॅनेजर म्हणाला, "दीदी, और एक बार हुआ तो दूसरा आदमी देखेंगे." आपल्याकडे ते एकच काम उरलंय!

तुमच्या वेळीही असंच व्हायचं ना? हिवाळ्यात अर्धा अर्धा तास गाडी चालू ठेवून तुम्ही शेजारी चहा पीत उभे. मला वाटायचं, घरातली कामं चुकवताय. किती बोलले मी! एकदा तरी सांगायचंत, की गार असली की ही अडते.

वहिनीला बौदी म्हणणाऱ्या हारूदा मिस्त्रीनं गाडी फिरवून बघितली आणि म्हणाला, "बौदी, गिअरबॉक्स गया. खोलना पड़ेगा." आठ दिवस लागणार. तेवढ्यात कॅन्टीन हातचं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वेणी घालायला बसले तर बाटलीतलं खोबरेल थिजलेलं. उन्हात ठेवलं, पातळ झालं. गाडीचंही असंच तर नसेल? अर्ध्या वेणीनं हारूदाकडे गेले. म्हटलं, "पहले तेल निकाल के देख."

"बौदी, ये नारियल तेल है क्या?" हसला मेला.

तेल काढलं आणि हसू पळालं. काकवीसारखं काळं, घट्ट, आणि असायला हवं त्याहून जास्त! "इसमें पतला लाल तेल पड़ता है. ये किसने डाला?"

किसने डाला! तुम्ही! विश्वकर्मा पूजेला एक वाटी, दसऱ्याला एक वाटी, दरवर्षी. हळदकुंकू, झेंडू, आणि नैवेद्य म्हणून गिअरबॉक्समध्ये तेल. तेही तुमच्या आधीच्या ट्रकचं उरलेलं जाडं! "वर्षाच्या सणाला उपाशी ठेवू नये," म्हणायचात. अहो, पाहुणा होता का तो? आणि मी शेजारी आरतीचं ताट धरून उभी. मला तरी काय कळत होतं?

हारूदानं आतली तेल गाळायची जाळी धुतली, लाल तेल भरलं. गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, तेल मोजायची पट्टी बघून भरायचं असतं, हे मला दाखवलं. जुनं तेल अजून आत थोडं राहिलंय, पंधरा दिवसांनी पुन्हा बदलायचं.

काल जरा कुरकुरली. आज पुलावर चढताना दुसरा गिअर असा अलगद पडला, की मला कळलंसुद्धा नाही. शेजारी भावजी होते, भंगारवाल्याचा नंबर खिशात घेऊन. "वहिनी, चालली की हो!" म्हणाले. म्हटलं, "मग उतरून भंगारवाल्याकडे जाता का?"

सात वीसला कॅन्टीनच्या दारात होते. मॅनेजरनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कल भी?"

"रोज," म्हटलं.

तुम्हालाही शब्द देते, ही गाडी भंगारात जाणार नाही. पण कुणी तिला नावं ठेवली तर मी गप्प बसणार नाही. चूक कुणाची होती ते नाव घेऊन सांगेन. राग आला तर या इथं, भांडा समोरासमोर.

तुमचीच,
शालन