सुभेदार नानासो यांचा पठ्ठा

३ मार्च १९७४, रविवार
जत्रेच्या मैदानाचं हँडबिल आलं. एकतीस तारखेला शेवटची कुस्ती आमच्या तालमीचा ज्योतिबा विरुद्ध सांगलीचा हंबीरराव. ज्योतिबाच्या नावाखाली 'सुभेदार नानासो यांचा पठ्ठा'. हेच लाउडस्पीकरवर साऱ्या मैदानाला ऐकू जाणार.
जाईबाईला वाचून दाखवलं. म्हणाली, "कुस्ती त्यो खेळणार, नाव तुमचं कशापायी?" बावीस वर्षं मिलिटरीत काढलेल्या माणसाची बायको!

७ मार्च
गद्दारी. ज्योतिबा एस.टी. स्टँडवर हंबीररावाच्या वस्तादाबरोबर, सांगलीच्या लालासाहेबांबरोबर, चहा घेताना दिसला. सहा वर्षं माझ्या म्हशीचं दूध प्यायला आणि परक्याचा चहा! म्हणतो, "आवं नानासो, मोठ्या माणसानं इचारलं, न्हाई कसं म्हनू?"
तालमीत लॉयल्टीवर चाळीस मिनिटं बोललो. दोन पोरं झोपली. डिसिप्लिन संपलं.

१२ मार्च
सांगलीला जाऊन आलो. विश्रामबागेत हंबीररावाला एकटं गाठलं. दोन वेळचं दूध, बदाम, स्वतंत्र खोली. चहा मीच पाजला. याला फोडणं म्हणत नाहीत. माणूस जोडणं म्हणतात.

१७ मार्च
हंबीरराव आला! नारळ फोडला, फेटा बांधला, तो पाया पडला. आठ वर्षांचा वस्ताद पाच दिवसांत सोडला. याला म्हणतात निष्ठा.

१८ मार्च
जत्रा कमिटी दारात. एका तालमीचे दोन पठ्ठे एकमेकांशी लढत नाहीत. मला हे ठाऊक आहे. आनंदात राहून गेलं, इतकंच. जाईबाई भाकरी थापता थापता हसत सुटली.
कुस्ती व्हायची तर एकाने तालीम सोडायला हवी. अर्थात गद्दाराने. ज्योतिबा म्हणाला, "मला न्हाई जायाचं, नानासो." किती हा हट्टीपणा! 'निष्ठेच्या अभावी मुक्त करण्यात येत आहे', असं लिहून दिलं. रडला. नाटक.

२० मार्च
ज्योतिबा लालासाहेबांच्या तालमीत गेला. मी म्हणालोच होतो.

२९ मार्च
हंबीरराव कोल्हापूरला गेला. तिथली म्हैस जास्त दूध देते म्हणे. जाताना फेटाही नेला. निरोप ठेवला: "कोल्हापूरवाल्यांनी मानूस जोडला, नानासो. तुमीच शिकिवलं की."
आजकाल शब्दाला किंमतच राहिलेली नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
तत्त्व म्हणून मैदानावर जाणार नव्हतो. जाईबाईला बघायचं होतं म्हणून गेलो. ती बायकांत बसली, मी आखाड्याजवळ.
हंबीररावाच्या जागी ऐनवेळी कऱ्हाडचा गडी उभा केला होता. ज्योतिबाने चार मिनिटांत चितपट केला. स्पीकरवर पुकारलं, "सांगलीच्या वस्ताद लालासाहेबांचा पठ्ठा!" लालासाहेबांनी एक थेंब दूध पाजलेलं नाही.
ज्योतिबा अंगाच्या मातीसकट माझ्याकडे आला आणि वाकला. मी पाय मागे घेतले. म्हणाला, "आवं, अंगात दूध तुमचंच हाय." मी दुसरीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिलो. मैदान रिकामं होत आलं.
मग लाउडस्पीकरवर माझं नाव आलं.
"सुभेदार नानासो जिथं असतील तिथनं त्यांनी गेटवर यावं. घरची मंडळी कवाची खोळंबल्यात."
आवाज अगदी स्पष्ट होता.