बंद वाडीतून साडूबुवांना

कातकरवाडी, बारवी धरणाच्या अलीकडे
एप्रिल २०२१

आदरणीय साडूबुवा राजेशराव,

लांबून, पण मनापासून नमस्कार. अंबरनाथ पूर्वेला सगळे खुशाल असालच. तुम्ही कोथिंबीरसुद्धा साबणाने धुता, तेव्हा तुमची चिंता नाही (ती चटणी मी अजून विसरलेलो नाही). माझं विचाराल तर ताप उतरलाय, पाय लटपटतात आणि मी अडकून पडलोय.

झालं असं, की आमच्या बेलवलीच्या मंडळाने वाड्यावाड्यांवर कोरोनाची माहिती द्यायचं ठरवलं आणि बोलायला मला धाडलं (घरी माझं कोणी ऐकत नाही, त्यामुळे मी तयारच होतो). सोबत आरोग्य केंद्राची आशाताई, प्रगती, होती. वाडीच्या तोंडाशी दोन झाडांना दोर बांधून त्याला कडुनिंबाचे डहाळे लावलेले. आपल्या स्वागताला तोरण! मी भारावून गेलो. प्रगती "काका, थांबा" म्हणेपर्यंत आत शिरलोसुद्धा, वर तिलाच फोटो काढायला सांगितलं. साथ आली की ही माणसं वाडी बंद करतात, त्याचा तो दोर होता. बाहेरच्याने आत यायचं नाही, आणि आलाच तर पुनवेपर्यंत बाहेर जायचं नाही, नाहीतर बंदी मोडते. मी मागे वळलो तर वाडीचा म्होरक्या गोमा काठी घेऊन आडवा उभा.

त्या गोंधळात मला भोवळ आली. सगळे लांब पळाले. गोमाची बायको भिकी तेवढी पुढे आली, मला धरून बसवलं, पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी मी तापाने फणफणलो. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय, राजेशराव. माझ्यामुळे तिला काही झालं तर? तिची सून ओली बाळंतीण आहे.

मला शेळ्यांच्या शेजारी एका खोपीत ठेवलंय. भिकी भाकरी दगडावर ठेवून मागे सरते. (विलगीकरण समजावायला मी आलो होतो!) तरी भाषण सोडलं नाही, खोपीच्या दारातून, सोबत आणलेल्या भोंग्यावर चालूच. हात सारखे धुवा म्हटलं, तर बनूबाई नावाची म्हातारी म्हणाली, "पानी तू आनशील का रं नदीवरून?" लसीचं नाव काढताच सगळे उठून गेले. गोमा तेवढा थांबला. म्हणाला, "आमची पोरं हगवनीनं मेली तवा कोन भोंगा घेऊन आला नाय. आताच कशी काळजी लागली तुमाला?" मी भोंगा खाली ठेवला. फार लाज वाटली.

आपला,
बाळाजी

ता. क. यशोधरेला, म्हणजे तुमच्या मेहुणीला, सांगा की माझी भाषणं गाजताहेत म्हणून मुक्काम वाढला. तापाचं बोलू नका.

ता. क. दुसरा. आता खरं काम. प्रगती दोराबाहेरच आहे, तिने हे पत्र हातात देताच तुमची व्हॅन काढा आणि दोराबाहेर येऊन थांबा. भिकी सकाळपासून खोकतेय, आता धाप लागलीय. रुग्णवाहिकेला गोमा तयार नाही. तिच्यातून गेलेलं माणूस परत येत नाही, असं सगळी वाडी म्हणते. शेवटी मला म्हणाला, "तू संग जाशील, तिच्या खाटंजवळ बसशील, तर दोर सोडतो." मी हो म्हटलंय. मला दवाखान्याची किती धास्ती आहे ते तुम्ही जाणता. पण दवाखान्यातून माणसं बरी होऊन येतात, असं मी भोंग्यावर साऱ्या वाडीला सांगून बसलोय. लवकर या.