तीन ते पाचच्या मॅडम

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,
शि. सा. न. वि. वि. (याचं पूर्ण रूप आईने मला दहादा सांगितलंय. इंग्लिश मीडियमचं डोकं, राहत नाही.)

पण ती सीनियर मॅडम खरी नाहीच आहे, मामा. तू मागच्या पत्रात विचारलंस ना, की एवढी अनुभवी बाई तुझ्याकडे कशी आली आणि पगार काय घेते? पगार शून्य. कारण ती जन्मालाच आलेली नाही.

झालं असं, की सुरुवातीला मी एकटीच. डायनिंग टेबल, लॅपटॉप आणि घरचा जुना लँडलाइन. दुकानांची पत्रकं, दवाखान्यांच्या वेबसाइट, कोणाची जाहिरात, कोणाची बातमी, जे मिळेल ते करायचे. तेवीस वर्षांची पोरगी बघून लोकांचा विश्वासच बसायचा नाही. डेंटिस्टने तर तोंडावर विचारलं, तुमच्यात कोणी मोठं माणूस नाही का. मी म्हणून गेले, आहेत ना, आमच्या सीनियर मॅडम, त्यांना विचारून उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी जे सांगणार होते तेच सांगितलं आणि तो लगेच हो म्हणाला. मी थक्क. तेव्हापासून काही अडलं की मॅडम बघतील, मॅडमना विचारते. आता सगळे क्लायंट मॅडमची तब्येत विचारतात. एकाने भेट म्हणून शाल पाठवली, ती आई वापरते.

आता खरी बातमी. ऑफिस घेतलं! झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन खिडक्या, त्यातली एक उघडत नाही. दोन माणसं ठेवलीत. एक डिझायनर, जो दिवसभर कानाला हेडफोन लावून असतो, आणि एक लिहिणारी, जी माझ्या प्रत्येक वाक्याशी भांडते. इतके दिवस ईमेलमध्ये आम्ही, आम्ही म्हणायचे, ते आत्ता कुठे खरं झालं.

हे सगळं झालं ते स्कूलबसवाल्यांमुळे. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बसमध्ये पाच वर्षांची मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली आणि ड्रायव्हरने न बघता बस डेपोत लावून कुलूप घातलं. दोन तास मुलगी आत. सुखरूप सापडली, पण पालक पेटले होते. मी एका तासात निवेदन लिहून मालकांना दिलं. त्यांनी ते पालकांना पाठवलं आणि दोन दिवसांत सगळं शांत. एकाही पालकाने बस बंद केली नाही! आता माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड त्या निवेदनाचीच असते.

घरचा लँडलाइन मार्चअखेर काढून टाकतेय, ऑफिसला नवा नंबर आहे. आईला सांगितलं तर ती नुसतं टेबल पुसत राहिली. तिला काय फरक पडतो म्हणा. सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोनच उचलले, आता सुटली बिचारी.

तुझ्या धरणावर रेंज येईपर्यंत पत्रातूनच कान पिळत जा, पण लाड कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचं पत्र तुला मिळालं असेल. हे मी तिच्या नकळत लिहितेय. तिने तुला मॅडमची गंमत लिहिली असणार. दादा, ती बाई खरी आहे. ती मी आहे.

मागच्या वर्षी एकदा ती बाहेर गेली होती आणि फोन वाजला. डेंटिस्ट होता. त्याने विचारलं, सीनियर मॅडम बोलताय का. मी सांगणार होते की नाही, मी तिची आई. पण रिटायर झाल्यापासून मला आई आणि काकूशिवाय कोणी काही म्हटलेलं नाही रे. तोंडून हो निघून गेलं. माझ्याच आवाजाने मी इतकी दचकले की तिथेच चपलांच्या स्टँडवर बसले. तो वीस मिनिटं बोलत होता, कोणीतरी त्याच्याबद्दल इंटरनेटवर वाईट लिहिलं म्हणून. मी त्याला विचारलं, त्या पेशंटचं दुखायचं थांबलं का, ते विचारलंत का त्याला. विचारतो म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत फोन, पेशंट येऊन नीट बोलून गेला म्हणे.

मग मी वेळच ठरवून टाकली. भिंगरी दुपारी भेटींना जाते, म्हणून तीन ते पाच. मला काही फार येत नाही. तक्रारीच्या फोनवर शिकले तेवढंच. ओरडणाऱ्याला आधी गल्ली विचारायची, घर नंबर विचारायचा. पत्ता सांगता सांगता माणूस निम्मा शांत होतो.

पण बसवाल्यांचं झालं तेव्हा मी घाबरले. मालकांनी भिंगरीचं निवेदन मला फोनवर वाचून दाखवलं. सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य, वगैरे. लिहिलं छान होतं, पण त्यात ती मुलगी कुठेच नव्हती. मी म्हटलं, हा कागद ड्रॉवरमध्ये ठेवा. ड्रायव्हरला घेऊन आधी त्या मुलीच्या घरी जा, आत बोलावलं नाही तर दारात उभे राहा. मग एकेका पालकाला स्वतः फोन करा आणि किती वाजता काय झालं ते सगळं सांगा, लपवू नका. आणि बसच्या मागच्या काचेला अडकवायला गाडी रिकामी अशी पाटी करा, म्हणजे ती अडकवायला तरी माणूस शेवटच्या सीटपर्यंत चालत जाईल. त्यांनी तसंच केलं.

ती स्लाइड भिंगरीने मला दाखवली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतास. कुठल्या तोंडाने सांगू? आता फोन काढला की मॅडम संपली. बरंच झालं म्हणते, पण तीन वाजले की पाय फोनकडेच वळतात.

हे वाचूनही धाकटीवर आधीइतकाच जीव असू दे.

छोटी

१७ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहाचा कप पाण्याच्या पातळीच्या रजिस्टरवर सांडला. आज धरणात चहा किती फूट, ते वरच्या साहेबांना कळवावं लागणार. अगं, लहानपणी दारावर कोणी आलं की पलंगाखाली लपायचीस तू, आणि आता बसमालकाला दारात उभं करतेस? मला दोनदा वाचावं लागलं.

हसून झालं. आता मोठ्या भावाचं ऐक. फोन निघायच्या आत तिला सांग. तिला बाहेरून कळलं तर लागेल, आणि जितकं लांबवशील तितकं जास्त लागेल. मी आपणहून बोलणार नाही. पण तिने सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही, एवढं लक्षात ठेव.

तब्येत सांभाळ, आणि या म्हाताऱ्याची आठवण असू दे.

दादा

६ मार्च

प्रिय मामा,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

नव्या ऑफिसात आल्यापासून काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. एक केटरर क्लायंट सोडून गेला. डेंटिस्ट म्हणाला, तुमचा नवा नंबर लगेच उचलतात आणि लगेच ठेवतात. मला वाटलं, लोकांना बदल आवडत नाही, होईल सवय.

काल बसचे मालक आले, वर्षभराच्या कामावर सही करायला. मी ऐटीत पहिली स्लाइड लावली. ते बघत राहिले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, हे निवेदन ना, हे मी पाठवलंच नव्हतं, मॅडमनी ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ होतोय. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीच्या दारात उभं राहणं, एकशे चौदा पालकांना फोन, ती पाटी. पाटी ही मालकांचीच कल्पना असं मी सगळीकडे सांगत फिरतेय! मग इकडेतिकडे बघून म्हणाले, मॅडम कुठे बसतात? मी म्हटलं, त्या बाहेरगावी गेल्यात. ते हसले. म्हणाले, कालच साडेतीनला बोललो की त्यांच्याशी, जुन्या नंबरवर, तीन ते पाच असतातच त्या.

डिझायनरने हेडफोन काढले. महिनाभरात पहिल्यांदा.

मालक सही न करता गेले, मॅडम आल्या की करू म्हणाले. घड्याळात चार वाजले होते. मी जुना नंबर फिरवला. मामा, दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला आणि एक आवाज आला जो मी जन्मात ऐकला नव्हता. शांत, भरदार, जराही घाई नसलेला. नमस्कार, बोला, ऐकतेय. आपल्याच घरचा फोन, आणि पलीकडे आपली आई, जी मला रोज टॉवेल नीट वाळत घाल म्हणून ओरडते. मी फोन कानाला लावून खिडकीशी गेले. मग ती म्हणाली, "घाई नाही. वेळ घ्या. मी फोन ठेवत नाही."

मीच ठेवला.

घरी गेले, तिला विचारलं, तिने सगळं कबूल केलं. मी भांडायची तयारी करून गेले होते, पण मुद्देच आठवेनात. राग कोणाचा येतोय तेही कळत नाही. माझ्या धंद्यासाठी एक बाई मी मनाने बनवली आणि खरी बाई बाजूच्या खोलीत बसली होती. बरं, तिने तुला काही लिहिलं होतं का? सरळ विचारतेय.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस, सध्या तेवढीच खात्रीची आहे.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगतो. लिहिलं होतं. मला महिनाभर माहीत होतं. मी तुझ्या आईचा भाऊ आधी आणि तुझा मामा नंतर, याचा राग धरायचा असेल तर खुशाल धर.

एवढंच सांगतो. आधी बसवाल्यांकडे जा आणि अशी कोणी मॅडम आमच्याकडे नव्हती हे तुझ्या तोंडाने सांग. ते खोटं तुझं होतं, तिने फक्त त्याला आवाज दिला. काम गेलं तर जाऊ दे. आणि तिला काही विचारायचं असेल तर ते त्यानंतर विचार, आधी नाही.

जेवत जा वेळेवर. मामावरचा रुसवा आवरता घेतलास तर बरं वाटेल.

मामा

२३ मार्च

प्रिय मामा,
शि. सा. न. वि. वि.

रुसले होते, चार दिवस. मग कंटाळा आला.

तू सांगितलंस तसं केलं. डेपोत गेले. सगळ्या बस ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागच्या काचेवर ती पाटी. मालकांना सांगून टाकलं की मॅडम मी बनवलेली, आणि फोनवर असायची ती माझी आई, पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेली. ते पेनचं टोपण काढत होते, घालत होते. मला वाटलं, आता हाकलतील. मग म्हणाले, म्हणजे मला वाचवलं तुमच्या आईने आणि स्लाइड तुमची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी आईला फोन केला. मला वाटलं, चार शब्द सुनावतील. त्यांनी तिला नोकरी देऊ केली, मामा! पालकांशी बोलायचं काम. वेगळं टेबल, वेगळा फोन आणि दारावर तिचं स्वतःचं नाव. आई रिसिव्हर ठेवून तशीच उभी. मी समोर तशीच. आम्ही दोघी भूत बघितल्यासारख्या एकमेकींकडे बघत होतो. तिने एक तारखेपर्यंत वेळ मागून घेतलाय.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, तिकडे कशाला, आपल्याकडे ये. नोकर म्हणून नाही, पार्टनर म्हणून. अर्धी एजन्सी तुझी. उघडणाऱ्या खिडकीजवळचं टेबल तुझं. एका दमात सगळं बोलून टाकलं, प्रेझेंटेशन देतात तसं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "तुला मी हवीय, की मॅडम?"

मी घडी घातलेला एक टॉवेल उचलून त्याची पुन्हा घडी घालायला लागले. ती काही रागावली नाही. राहिलेल्या घड्या घातल्या आणि आत गेली.

मामा, मी स्वतःशी कबूल करते ते तुला लिहिते. ती तिकडे गेली तर बसचं काम आमच्याकडे येणार नाही, डेंटिस्ट राहणार नाही, आणि ऑफिसातल्या माझ्या दोघांपैकी एकाला मला सांगावं लागेल की दुसरीकडे बघ. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पार्टनर म्हणत होते तेव्हासुद्धा. पण त्या दिवसापासून फोनवरचा तो आवाजही डोक्यातून जात नाही. मला रोज त्या आवाजाच्या शेजारी बसून काम करायचंय, हेही तितकंच खरं. यातलं आधी कुठलं आलं, ते शोधायला गेले की सापडत नाही. आणि तिचं नाव आजवर कुठल्याच दारावर लागलेलं नाही. आमच्या घराच्याही नाही, मी जाऊन बघितलं.

धरणावरून गुरुवारी टपाल घेऊन येणाऱ्या जीपने तुझं उत्तर आलं तर एक तारखेच्या आत मिळेल. माझ्यावर जीव आहे तुझा, तो असाच राहू दे, पण या वेळी माझी बाजू घेऊ नकोस आणि तिचीही नको. तूच सांग, मी तिला थांब म्हणू, की जा म्हणू?

तुझी,
भिंगरी