पाण्याच्या टाकीवरून दिसणारी विमानं

प्रिय दादा,

पत्र बघून वहिनी म्हणेल, फोन हाताशी असताना हिला हे काय सुचलं. तिला सांग, फोन करून झाला. परवा तुमच्याशी बोलले तेव्हा हवा, वहिनीचे गुडघे आणि भाचीची परीक्षा एवढं सगळं झालं आणि जे सांगायला फोन लावला होता ते राहूनच गेलं. तू दोनदा विचारलंस, बरी आहेस ना, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. तू बनवून दिलेल्या टेबलावर बसूनच लिहितेय. त्याचा एक पाय अजून डुगडुगतो. एवढ्या नावाजलेल्या सुतारानं सख्ख्या बहिणीला असं टेबल द्यावं, म्हणून मी ते पाहुण्यांना दाखवत नाही.

गेल्या आठवड्यात मी आपल्या जुन्या धावपट्टीवर गेले होते. सध्या सुट्टीवर आहे. ऑफिसच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिथं तुम्हाला बरं वाटायचं अशा एखाद्या ठिकाणी जाऊन या. दुसरी कुठली जागा मला आठवेना. तिथं आता विमानं उतरत नाहीत. विकायच्या नव्याकोऱ्या गाड्या रांगेनं उभ्या करून ठेवल्यात, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. हँगरचे पत्रे गेले, नुसता सांगाडा राहिलाय. कुंपणाबाहेरची पाण्याची टाकी मात्र आहे. मी वर चढले, दादा. या वयात, साडी खोचून. खाली एक सुरक्षारक्षक ओरडला, अहो बाई, काय हरवलंय का तुमचं? मी म्हटलं, नाही, सहज. पाय खाली सोडून बराच वेळ बसले. ऊन होतं, वारा होता, सगळं जिथल्या तिथं होतं. पण मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा लागतो, तसं आतून झालंय.

आठवतं सगळं. आठवण्याची काही अडचण नाही. तू पुढं आणि मी मागं, म्हणून आई मला तुझं शेपूट म्हणायची. एका डोळ्यानं आंधळी झालेली ती दुर्बीण. ती आधी तुझ्याकडे, मग तुझा हात दुखला की माझ्याकडे. विमानांची खरी नावं आपल्याला ठाऊक नव्हती, म्हणून तू त्यांचं बारसं करायचास. सुरू होताना खोकणारं ते म्हातारबा. माल घेऊन यायचं आणि धावपट्टीवर आदळल्यासारखं बसायचं ते जाडी मावशी. शिकाऊ मुलांचं, उतरता उतरता तीन उड्या मारणारं ते बेडूक. फाटकावरचे शिट्टीवाले काका आपल्याला हाकलायला यायचे आणि जाडी मावशी दिसली की शिट्टी तोंडातच ठेवून आपल्याबरोबर वर बघत उभे राहायचे. खिशातले शेंगदाणे संपले की टरफलं चघळायचो, पण उठायचो नाही. सगळी विमानं उतरून घरी आली की मगच आपण घरी, हा तुझा नियम होता.

आणि ते भांडण. तिथल्या फ्लाइंग क्लबनं नवीन विमान आणलं, मी म्हटलं हिरवंगार आहे, त्याचं नाव पोपट. तू म्हणालास, पोपट कसला, मातकट तर आहे. आपण दोन दिवस अबोला धरला. बाबांनी शेवटी निवाडा दिला, ती म्हणते ते खरं, आणि तू मला फितूर म्हणालास. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. मग तू मोठा झालास, वैमानिकाच्या परीक्षेत लेखी पहिला आलास आणि डोळे तपासताना डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं चित्र पुढं धरून यातला आकडा वाचा म्हटलं. तू घरी आलास, बूट काढलेस आणि आईला म्हणालास, रंग कळत नाहीत मला, जेवायला वाढ. एवढंच. जेवून झाल्यावर तू भिंतीवर चिकटवलेली विमानांची चित्रं एकेक करून काढलीस. भिंतीवर गोंदाचे डाग राहिले, ते तू पुसलेस. मी दारात उभी होते. मला वाटलं तू रडशील, निदान काही फेकशील तरी.

पुढं माझी विमानतळाच्या टॉवरमध्ये निवड झाली तेव्हा गाडीवर सोडायला तूच आलास. बॅग उचललीस, खिडकीची जागा मिळवून दिलीस, पोचलीस की कळव म्हणालास. ही नोकरी नेमकी काय असते ते विचारलं नाहीस. आजवर नाही विचारलंस. मीही सांगितलं नाही. आपलं सगळं बोलणं असतं, भांडणंसुद्धा, फक्त डोक्यावरून विमान गेलं की तू पेपर उलटतोस आणि मी चहाचे कप गोळा करते. मला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. घरातलं एखादं दार बंदच असतं, आपण त्याच्या कडेनं जातो.

आज ते दार उघडतेय. रागावू नकोस. तर माझं काम असं की उंच, चहूकडून काचा असलेल्या खोलीत बसून विमानांशी बोलायचं. तू उतर, तू थांब, तू जरा एक फेरी मार. समोर प्रत्येक विमानाच्या नावाची एक पट्टी असते. विमान उतरलं की ती पट्टी उचलून बाजूला ठेवायची. गेल्या महिन्यात, दुपारी, इथल्या फ्लाइंग क्लबचा एक विद्यार्थी एकटा उडाला. हवा स्वच्छ होती. त्याच्याशी मी आधीही बोललेली, नम्र मुलगा, दर वेळी शेवटी धन्यवाद मॅडम म्हणणारा. चाकं जमीन सोडतात न सोडतात तोच तो म्हणाला, इंजिन बंद पडलं, समोरच्या शेतात उतरतो. बरोबर होतं ते, तसंच शिकवतात. मी म्हटलं, ठीक, वारा समोरून आहे, मदतीची गाडी निघतेय तुझ्याकडे. मी घंटा दाबली. तो म्हणाला, दिसतंय, शेत दिसतंय. शेताच्या कडेला विजेच्या तारा होत्या. त्या उन्हात दिसत नाहीत.

त्या वेळी आणखी एक विमान उतरायला येत होतं, प्रवासी भरलेलं. त्याला मी फेरी मारायला लावलं, उंची दिली, दुसरीकडे वळवलं. सगळे म्हणाले, आवाजात कंप नव्हता. मग सहकाऱ्यानं मागून येऊन माझे हेडफोन काढून घेतले आणि मला खुर्चीतून उठवलं. त्या मुलाची पट्टी समोरच होती. ती कोणी उचलली मला माहीत नाही. घरी येऊन मी दोन अंडी उकडली, मीठ लावून खाल्ली, भांडी घासली, झोपले. झोप लागली. चौकशी झाली, इंजिनाच्या एका नळीत दोष होता, तुमच्याकडून जे व्हायला हवं ते सगळं झालं, असं मला समोर बसवून सांगितलं. मी आभार मानले. अजून रडलेले नाही. कपाटं आवरली, गॅलरीतल्या कुंड्या रंगवल्या, शेजारणीच्या पडद्यांना शिवण घालून दिली. कोणी विचारलं की म्हणते, मी ठीक आहे, आणि त्यात खोटंही काही नाही, कारण ठीक नसायला आत कोणीतरी असावं लागतं.

आता पत्र कशासाठी, ते. त्या मुलाच्या आईचा फोन आला होता. कुठून नंबर मिळवला देव जाणे. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, मी तयारही होते. पण ती बाई शांतपणे म्हणाली, तो काय बोलला ते चौकशीवाल्यांनी मला वाचून दाखवलं. पण वाचणाऱ्यानं ते हजेरी घ्यावी तसं वाचलं. तुम्ही ऐकलंय. त्याचा आवाज कसा होता, तेवढं येऊन सांगाल का? मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि आठवायला बसले. शब्द सगळे आहेत, दादा, एकही इकडचा तिकडं नाही. आवाज नाही. मला त्याचा आवाज आठवत नाही. ऑफिसला विचारलं, तर रविवारी सकाळी ते मला त्या दिवशीच्या बोलण्याची टेप ऐकू देणार आहेत, आणि घरचं एक माणूस बरोबर आणलं तर चालेल म्हणाले. तिथून मी त्या आईकडे जाणार. तुझ्यासमोर कधी विमानाचं नाव न काढणारी मी, तुलाच हे मागतेय, याची मला लाज वाटते. पण घरचं माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कोणी आलं नाही. शनिवारच्या गाडीनं ये. यायला जमणार नसेल तर तसं कळव, मी समजून घेईन आणि एकटी जाईन. फक्त येणार असलास तर टेप लावल्यावर माझ्याकडे बघू नकोस. शेजारी बस आणि तूही ऐक.

तुझीच,
धाकटी